क्लब बंद झाले, आठवणी कुठे ठेवायच्या? बालेवाडीत खेळून गेलेल्या लाडक्या फुटबॉलपटूंची गोष्ट

मुळशी तालुक्यातलं लवळे आज देशभर ओळखलं जातं ते टेकडीवरच्या सिम्बायोसिस विद्यापीठामुळे आणि फ्लेम विद्यापीठामुळे. केरळपासून काश्मीरपर्यंतची मुलं-मुली इथं शिकायला येतात. त्यातली फुटबॉलवेडी मुलं सलाह, मेस्सी, रोनाल्डो यांची नावं घेतात. पण लवळ्याहून नांदे, म्हाळुंगे करत गेलं की जे बालेवाडी लागतं, तिथल्या मैदानावर कोण कोण खेळून गेलं, हे विचारलं तर बहुतेक जण गप्प होतात.

यात मुलांचा दोष नाही. बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलं, २००८ मध्ये तिथं राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या, आणि २००९ ते २०१९ या दहा वर्षांत देशातला सर्वोच्च पातळीवरचा फुटबॉल तिथं खेळला गेला. या काळात पुण्याचे चार क्लब देशपातळीवर उतरले: पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजीयन्स आणि एफसी पुणे सिटी. आज चौघांपैकी एकही मैदानात नाही. क्लबच नसेल तर त्याच्या जुन्या खेळाडूंची आठवण ठेवायची कुणी?

प्रश्न साधा वाटतो, पण आपल्या घरांशी त्याचा जवळचा संबंध आहे. या क्लबांच्या लाडक्या खेळाडूंत आपल्या समाजातली मुलंही होती. मलप्पुरमची होती, गोव्याची होती. त्यांनी महाराष्ट्रात येऊन नाव कमावलं आणि पुढे भारताची जर्सी घातली. ती कशी पुढे गेली, हे आपल्या मुलांना माहीत असायला हवं.

पुणे एफसी: जिथून अनेकांची सुरुवात झाली

पुणे एफसी हा क्लब २००७ मध्ये अशोक पिरामल उद्योगसमूहाने सुरू केला. दुसऱ्या श्रेणीतून वर येऊन २००९-१० मध्ये तो आय-लीगमध्ये दाखल झाला आणि पहिल्याच मोसमात तिसरा आला. नव्या संघासाठी ही मोठी मजल होती. २०१२-१३ मध्ये चर्चिल ब्रदर्सच्या मागे दुसरा क्रमांक. २०१४ मध्ये हा क्लब एएफसी कपसाठी आशियाई पातळीवरही खेळला, आणि त्याच वर्षी ड्युरँड कपच्या अंतिम सामन्यात साळगावकरकडून एका गोलने हरला. लीगचा मोठा चषक काही हाती लागला नाही. तरीही पुण्यातल्या जुन्या प्रेक्षकांसमोर या संघाचा विषय काढला की आधी माणसांची नावं निघतात, गुणतक्ता नंतर येतो.

पहिलं नाव आराता इझुमीचं. आई जपानी, वडील भारतीय. जन्म जपानमधला. भारतात आधी ईस्ट बंगाल, मग मुंबईचा महिंद्रा युनायटेड आणि २००९ पासून पुणे एफसी असा त्याचा प्रवास. भारताकडून खेळायचं म्हणून त्याने भारतीय नागरिकत्व घेतलं आणि २०१३ मध्ये पॅलेस्टाईनविरुद्ध तो भारतीय संघातून उतरला. खेळणं थांबल्यावर तो इथंच राहिला आणि नवी मुंबईत मुलांना शिकवू लागला. एखाद्या गावाने परक्याला आपलं म्हणावं आणि त्यानेही ते मनावर घ्यावं, असा हा प्रकार.

दुसरं नाव जेजे लालपेखलुआ. मिझोरामचा हा मुलगा व्यावसायिक फुटबॉलमध्ये आला तो पुणे एफसीतून. पुढे भारताचा प्रमुख स्ट्रायकर झाला, आणि २०२३ मध्ये मिझोराम विधानसभेवर निवडून गेला. बालेवाडीत धावलेला पोरगा आमदार झाला, हे पुण्यात किती जणांना माहीत आहे?

तिसरं नाव अनस एडाथोडिका. मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोंडोट्टीचा हा बचावपटू. २००७ ते २०११ मुंबई एफसी आणि २०११ ते २०१५ पुणे एफसी, म्हणजे उमेदीची आठ वर्षं त्याने महाराष्ट्रातच काढली. बचावपटूचं काम तसं दुर्लक्षित असतं. गोल करणाऱ्याचा फोटो छापून येतो, गोल वाचवणाऱ्याचा क्वचित. अनसला भारतीय संघात पहिली संधी मिळाली २०१७ मध्ये, वयाच्या तिशीत. एवढी वर्षं क्लबसाठी शांतपणे खेळत राहिल्यावर ती मिळाली आणि मग तो भारताच्या बचावाचा कणा बनला. २०१९ च्या आशियाई चषकात यूएई, बहारीनसारख्या संघांसमोर तो उभा होता. त्या स्पर्धेनंतर त्याने आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्ती जाहीर केली.

अठराव्या वर्षी निवड झाली नाही म्हणून मुलगा खेळ सोडतो आणि घरचेही म्हणतात, "बस झालं आता, दुकान बघ." अशा घरात अनसची गोष्ट सांगण्यासारखी आहे. तो आपोआप पुढे आला नाही. पण बारा महिने पगार देणारा, सराव करून घेणारा क्लब पाठीशी होता, म्हणून तो तिशीपर्यंत टिकला. हेही त्याच गोष्टीत सांगायला हवं.

याशिवाय दक्षिण सुदानचा जेम्स मोगा, लायबेरियाचा बोइमा कार्पे, घानात जन्मलेला आणि हॉलंडमध्ये घडलेला मुस्तफा रिगा हे परदेशी खेळाडूही पुण्याच्या प्रेक्षकांनी आपले मानले. प्रशिक्षक म्हणून गोव्याचे डेरिक परेरा आणि नंतर मोरोक्कोचे करीम बेंचरीफा येऊन गेले.

एफसी पुणे सिटी आणि दोन नावं

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली. पुण्याचा संघ होता एफसी पुणे सिटी. पहिल्या मोसमात फ्रान्सचा डेव्हिड ट्रेझेगे आला, पुढे रोमानियाचा एड्रियन मुटू, मग लिव्हरपूल आणि युव्हेंटसकडून खेळलेला मालीचा मोहम्मद सिसोको. नावं मोठी होती. पण यातले बरेच जण एक मोसम खेळून परत गेले. लोकांनी त्यांना पाहिलं, टाळ्या वाजवल्या. जीव जडायला मात्र वेळ लागतो, आणि तेवढा वेळ त्यांच्याकडे नव्हता.

जीव जडला तो २०१७-१८ च्या संघावर. ब्राझीलचा मार्सेलिन्हो आणि उरुग्वेचा एमिलियानो अल्फारो ही पुढची जोडी, गोलमध्ये तरुण विशाल कैथ. संघ पहिल्यांदाच बाद फेरीत गेला. उपांत्य फेरीचा पहिला सामना बालेवाडीत गोलशून्य सुटला, दुसऱ्यात बंगळुरूने सुनील छेत्रीच्या तीन गोलांच्या जोरावर ३-१ ने हरवलं. या क्लबच्या नशिबी याहून मोठा सामना आला नाही.

त्या संघात दोन नावं अशी होती जी आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावीत.

एक, आशिक कुरुनियन. हाही मलप्पुरमचा, जन्म १९९७ चा. पुण्याच्या अकादमीत घडला. २०१६ मध्ये क्लबने त्याला स्पेनच्या व्हियारियाल क्लबच्या युवा संघाकडे पाठवलं. परत आला, पुण्याकडून खेळला आणि भारतीय संघात पोचला. २०१९ च्या आशियाई चषकात थायलंडला ४-१ ने हरवलेल्या सामन्यात धावणारा तो पोरगा हाच. नंतर बंगळुरू आणि कोलकात्याच्या क्लबांनी त्याला घेतलं.

दुसरा, आदिल खान. गोव्याचा. मधली काही वर्षं तो मोठ्या लीगपासून लांब गेला होता. २०१७ ते २०१९ या पुण्यातल्या दोन मोसमांत त्याने पुन्हा पाय रोवले. ऑक्टोबर २०१९ मध्ये कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर भारत बांगलादेशविरुद्ध एका गोलने मागे होता. ८८ व्या मिनिटाला कॉर्नरवर हेडर मारून बरोबरी साधली ती आदिलने. त्या रात्री टीव्हीवर त्याचं नाव देशाने ऐकलं. पण त्याच्या पुनरागमनाची पायाभरणी बालेवाडीत झाली होती, आणि तोवर तो क्लब अस्तित्वातच नव्हता.

क्लब गेले कुठे?

अनेक पालक विचारतात, "एवढा चांगला संघ होता, मग बंद का पडला?" उत्तर मालकीच्या रचनेत आहे.

भारतात क्लब दोन तऱ्हेचे. पहिले सभासदांचे. कोलकात्याचे मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहम्मडन स्पोर्टिंग हे याच परंपरेतले. सभासद वर्गणी भरतात, निवडणुका होतात, भांडणंही होतात. आज तिथंही बाहेरचा पैसा आणि गुंतवणूकदार आले आहेत, पण मुळं लोकांत आहेत. दुसरे कंपनीचे. मालक एक उद्योगसमूह. त्याला परवडेल आणि वाटेल तोवर क्लब चालतो. पैसा लवकर उभा राहतो, सोयी चांगल्या मिळतात. पण मालकाने हात काढून घेतला की खाली धरायला कुणी नसतं.

पुण्याचे चारही क्लब उद्योगसमूहांच्या पैशावर उभे होते. इंडियन सुपर लीग आल्यावर प्रायोजक, टीव्ही आणि प्रेक्षक तिकडे वळले. तिथं जायला आय-लीगच्या क्लबांना तेव्हा खेळून वर चढण्याची वाट नव्हती. २०१५ मध्ये पुणे एफसीच्या मालकांनी संघ थांबवला. भारत एफसी एकाच मोसमात आटोपला. डीएसके शिवाजीयन्स २०१७ नंतर दिसला नाही. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी आर्थिक अडचणीत गेला आणि त्याची लीगमधली जागा नव्या हैदराबाद एफसीने घेतली. त्या हैदराबादने २०२१-२२ मध्ये लीगचं विजेतेपद पटकावलं. ज्या जागेवर पुण्याने पाच मोसम काढले, तिचा चषक दुसऱ्या शहरात गेला.

मुंबईनेही हे पाहिलंय. महिंद्रा युनायटेड २००५-०६ चा राष्ट्रीय लीग विजेता, २०१० मध्ये बंद. त्या क्लबकडून खेळलेले खालिद जमील पुढे मुंबई एफसीचे प्रशिक्षक झाले. अनस त्यांच्याच हाताखाली खेळला. मग मिझोरामच्या छोट्या ऐझॉल एफसीला त्यांनी २०१६-१७ चं आय-लीग विजेतेपद मिळवून दिलं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. माणूस शिखरावर पोचला. ज्या क्लबांत तो घडला, त्यांच्या दाराला कुलूप आहे.

जिथं क्लब टिकला, तिथं काय झालं

आता कोलकात्याकडे बघू. मोहम्मडन स्पोर्टिंगची स्थापना १८९१ ची. १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षं त्यांनी कलकत्ता लीग जिंकली. ती जिंकणारा हा पहिला भारतीय क्लब. १९४० मध्ये दिल्लीत ब्रिटिश पलटणीच्या संघाला हरवून ड्युरँड कप जिंकणाराही पहिला भारतीय क्लब तोच. त्याच वर्षी मुंबईत कूपरेजला ते रोव्हर्स कपही जिंकले, बंगळोर मुस्लिम्स या संघाला हरवून. हे बंगळोर मुस्लिम्सही साधे नव्हते. १९३७ आणि १९३८ असा दोनदा त्यांनी रोव्हर्स कप घेतला होता. जुम्मा खान, हाफिज रशीद ही त्या काळची मोहम्मडनची नावं आजही तिथं निघतात. नव्वद वर्षं होत आली तरी निघतात, कारण नाव घ्यायला क्लब जागेवर आहे. २०२३-२४ ची आय-लीग जिंकून तो सर्वोच्च लीगमध्येही पोचला.

या क्लबचा मोहम्मद सलीम १९३६ मध्ये स्कॉटलंडला गेला आणि सेल्टिककडून दोन सामने खेळला, अनवाणी पायांनी, पट्ट्या बांधून. दोन्ही सामने सेल्टिकने मोठ्या फरकाने जिंकले. वर्तमानपत्रांनी त्याच्या पायांवर मजकूर लिहिला. घरची आठवण यायला लागली म्हणून तो परत आला. पुढे म्हातारपणी सलीम आजारी असताना त्यांच्या मुलाने सेल्टिकला पत्र लिहिलं. पैसे मागायचे म्हणून नव्हे, वडिलांचं नाव तिथं कुणाला आठवतंय का ते पाहायला. क्लबकडून उत्तर आलं आणि सोबत शंभर पौंडांचा ड्राफ्ट. मुलाने तो वटवला नाही, जपून ठेवला.

दुसरा किस्सा मजीद बिश्कर यांचा. इराणच्या खोर्रमशहरचा हा तरुण अलिगढ मुस्लिम विद्यापीठात शिकायला आला, १९८० मध्ये ईस्ट बंगालमध्ये गेला, मग मोहम्मडनकडून खेळला. पाहणारे आजही सांगतात की असा परदेशी खेळाडू कोलकात्यात पुन्हा आला नाही. नंतर त्याचं आयुष्य विस्कटलं, तो मायदेशी निघून गेला. तीन दशकं लोटली. २०१९ मध्ये ईस्ट बंगालच्या शताब्दीचा सोहळा सुरू झाला तेव्हा क्लबने त्याला शोधून बोलावलं. विमानतळावर गर्दी उसळली. त्यात कित्येक जण असे होते, ज्यांच्या जन्माआधीच मजीदने कोलकाता सोडलं होतं. बापाने मुलाला सांगितलेलं नाव त्यांच्यापर्यंत पोचलं होतं.

मजीदसोबत आलेला जमशीद नसीरी कोलकात्यातच राहिला. त्याचा मुलगा कियान याने जानेवारी २०२२ च्या डर्बीत हॅटट्रिक केली, तीही वडिलांच्या जुन्या ईस्ट बंगालविरुद्ध. जुने लोक एकाच वेळी हळहळले आणि हसलेही.

आता विचार करा. उद्या अनसच्या किंवा आदिलच्या मुलाने पुण्याला असं पत्र लिहायचं ठरवलं, तर पत्ता कोणता घालणार?

कागदावरची आठवण आणि माणसांतली आठवण

एक गोष्ट पालकांनी समजून घ्यावी. फुटबॉलमध्ये कागदावरची आठवण क्लब बंद पडला तरी पुसली जात नाही. खेळाडूची नोंद अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या ऑनलाईन नोंदणी प्रणालीत होते. फिफाच्या नियमानुसार खेळाडूचा 'पासपोर्ट' असतो, म्हणजे बाराव्या वर्षापासून तो कुठल्या कुठल्या क्लबकडे नोंदलेला होता याची यादी. मुलगा पहिला व्यावसायिक करार करतो तेव्हा त्याला घडवणाऱ्या क्लबांना मोबदला मिळण्याची तरतूद याच नोंदींवर चालते.

म्हणून मूल अकादमीत घालताना फी आणि किट याबरोबर एवढं जरूर विचारा: मुलाची नोंदणी महासंघाच्या प्रणालीत होणार का? नोंदणी क्रमांक आम्हाला मिळेल का? अकादमी बंद झाली किंवा आम्ही सोडली तर सोडचिठ्ठीचा कागद कोण देणार? जन्मदाखला आणि आधारवरचं नाव-तारीख जुळते का? आपल्याकडे नावाच्या स्पेलिंगचा घोळ फार. एका कागदावर 'शेख' आधी, दुसऱ्यावर शेवटी. हे आधीच नीट करून घ्या, ऐन निवडीच्या वेळी धावपळ नको.

माणसांतली आठवण मात्र कुठल्याही प्रणालीत भरता येत नाही. ती आपल्यालाच जपावी लागते, आणि त्यासाठी क्लबची वाट बघायची गरज नाही.

घरात कुणी मामू, चाचा, आजोबा कूपरेजला रोव्हर्स कप बघायला गेले असतील, खडकी-कॅम्पात संघाकडून खेळले असतील, तर त्यांना बोलतं करा. मोबाईलवर रेकॉर्ड करा. कुणासोबत खेळलात, कुठल्या साली, जर्सीचा रंग कोणता, बूट कुठून आणले, असं एकेक विचारा. 'फुटबॉलबद्दल सांगा' म्हटलं की माणूस दोन वाक्यांत संपवतो. 'तुमचा गोलकीपर कोण होता?' विचारलं की तासभर बोलतो.

जुन्या फोटोच्या मागे पेन्सिलीने नावं आणि साल लिहून ठेवा. उर्दू वर्तमानपत्रांची कात्रणं असतील तर त्यांचे फोटो काढा, कारण पुढच्या पिढीतल्या सगळ्यांना उर्दू वाचता येईलच असं नाही. बालेवाडीच्या सामन्यांची तिकिटं, नारिंगी मफलर, पुणे एफसीची आठवण जे काही कपाटात असेल ते रद्दीत टाकू नका. मोहल्ल्यात, शाळेत स्पर्धा भरवत असाल तर एखादा चषक माजी खेळाडूच्या नावाने ठेवा, आणि बक्षीस देताना त्याची माहिती पाच मिनिटं सांगा. सर्वोत्तम बचावपटूचं बक्षीस अनसच्या नावाने दिलं तर दहा वर्षांच्या पोराला कळेल की गोल अडवणाऱ्यालाही मान असतो.

आणि लवळ्यासारख्या ठिकाणी शिकणाऱ्या मुलांना एक सांगणं. माध्यमं, क्रीडा व्यवस्थापन, इतिहास असे विषय तुम्ही शिकता. प्रकल्पासाठी विषय शोधत असाल तर तो गाडीने थोड्याच अंतरावर आहे. पुण्याच्या चार क्लबांचे खेळाडू, प्रशिक्षक, मैदान तयार करणारे माळी, ढोल घेऊन येणारे प्रेक्षक अजून हयात आहेत, फोनवर सापडतात. आणखी वीस वर्षांनी हेच काम अवघड होऊन बसेल.

बालेवाडीचं मैदान जागेवरच आहे. पुण्याचा नवा क्लब कधी ना कधी उभा राहीलच. तो उभा राहील तेव्हा त्याच्या मुलांना सांगायला काही नावं तयार असू द्या: आराता, जेजे, अनस, आशिक, आदिल. सुरुवात या पाचांपासून करा, पुढची नावं तुमच्या घरातून निघतील.